आधी शेपूट, मग शब्द: फार्मसीच्या एका विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेचं प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी इंदूरची, बी.फार्म.च्या चौथ्या सत्रातली. घर पिढ्यान्‌पिढ्या मराठी, शाळा बारावीपर्यंत हिंदी माध्यमाची, कॉलेजातली पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत. नाव, कॉलेज आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत.

अभ्यासात ती मागे नव्हती. लेखी पेपरात औषधाची क्रिया, उपयोग, दुष्परिणाम नीट लिहायची आणि स्पेलिंगही क्वचितच चुकायचं. पण स्पेलिंग ती एकेक अक्षर घोकून पाठ करायची. शब्द तिला डोळ्यांनी आणि हातानं येत होता, तोंडानं तो कधी म्हटलेलाच नव्हता. पहिली तीन सत्रं हे खपून गेलं. चौथ्या सत्रात फार्माकॉलॉजीत स्वायत्त चेतासंस्थेवरची औषधं सुरू झाली आणि एकेका ओळीत पाच ते आठ सिलॅबलचे, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांचे, शब्द येऊ लागले: पॅरासिम्पथोमिमेटिक, ॲसिटाइलकोलिनेस्टरेझ, कॅटिकोलमीन, अँटिकोलिनर्जिक.

अडचण

अंतर्गत तोंडी परीक्षेत तिला निओस्टिग्मीनची क्रिया विचारली. उत्तर तिला येत होतं: ॲसिटाइलकोलीन तोडणारं एन्झाइम हे औषध रोखतं, त्यामुळे ॲसिटाइलकोलीन साचून राहतं आणि मायस्थेनियाच्या (स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या) रुग्णाच्या स्नायूंना जोर येतो. एन्झाइमचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती ‘एसिटाइल... कोलिन...’ इथवर आली आणि थांबली. मग ‘तो एन्झाइम’ म्हणाली. परीक्षकांना वाटलं, नावच माहीत नाही. पुढचा प्रश्न सोपा आला, आणि वरचे गुण गेले.

पहिल्या सत्रात संभाषण-कौशल्य शिकवलेल्या मॅडमकडे ती गेली. मॅडमही मराठीच. तिचं म्हणणं एवढंच होतं: “मॅडम, मला येतं सगळं, पण शब्द निघतच नाही.”

मॅडमनी तिच्याच अभ्यासक्रमातले २४ शब्द कागदावर दिले आणि फोनवर रेकॉर्ड करत एकदा वाचायला लावलं. मध्ये एकही दुरुस्ती केली नाही. ही पायरी फार मोलाची आहे. वाचताना टोकलं की विद्यार्थी सावध होतो आणि नेहमीची चूक लपते. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकल्यावर चुकांचे चार प्रकार निघाले.

पहिला प्रकार अक्षरांचा. कॅटिकोलमीनमधल्या सी-एचचा ती ‘च’ करायची: ‘कॅटेचोलामाइन’. ग्रीकमधून आलेल्या शास्त्रीय शब्दांत सी-एच जवळजवळ नेहमी ‘क’ असतो: क्लोरीन, कोलीन, ट्रेकिया, ब्राँकस. सक्सिनिलकोलीनचं ‘सुसिनिल’ व्हायचं. दोन सी आणि पुढे आय किंवा ई असेल तर पहिला सी ‘क’ आणि दुसरा ‘स’, म्हणजे ‘क्स’. अँटिकोलिनर्जिकमध्ये जी-नंतर आय आहे म्हणून ‘ज’, ती ‘ग’ म्हणायची. शिवाय शब्दाच्या पोटातल्या ‘स्ट’च्या आधी हिंदी वळणाचा ‘इ’ घुसायचा: ‘निओ-इस्टिग्मीन’. घरी ‘स्टेशन’, ‘स्टूल’ हे शब्द ती स्वच्छ म्हणते, म्हणजे जीभ अडत नव्हती. शाळेतली सवय शास्त्राच्या शब्दांना चिकटली होती.

दुसरा प्रकार तोडण्याच्या जागेचा. वहीत तिनं हिंदी वळणानं ‘कोलिन-एस्टरेज’ लिहिलं होतं आणि श्वासही तिथेच तुटत होता. शब्दाचे घटक तिथे जुळतात हे खरं, पण तोंडातली तोड तिथे नाही. ‘न’ पुढच्या स्वराला जाऊन मिळतो: को-लि-नेस्-ट-रेझ.

तिसरा प्रकार आघाताचा. आठही सिलॅबल ती सारख्याच जोरानं, सारख्याच लांबीनं म्हणायची. मराठी-हिंदीत आपण तसंच बोलतो आणि काही बिघडत नाही. इंग्रजी शब्दात मात्र एक सिलॅबल उंच आणि लांब, बाकीची आखूड. चौथा प्रकार शेवट गिळण्याचा, आणि मधला एखादा व्यंजन हरवण्याचा: प्रोप्रॅनोलॉलचं ‘प्रोपॅनोलॉल’, ‘टिक्स’चं नुसतं ‘टिक’.

चारांपैकी परीक्षेत नुकसान करणारे दुसरा आणि चौथा. भारतीय परीक्षकाचा कान सपाट आघात चालवून घेतो. चुकीच्या जागी तुटलेला किंवा शेवट नसलेला शब्द त्याला ओळखता येत नाही. तरी उपाय आघातापासून सुरू झाला. त्याचं कारण पुढे येतं.

कोणते पर्याय होते

फोनवर उच्चार ऐकून पाठ करणं हा सगळ्यांना आधी सुचणारा मार्ग. ती ते करतच होती. ऐकल्यावर लगेच म्हणता येतं, पण दुसऱ्या दिवशी शब्द पुन्हा कागदावरचा होतो. ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार आलटून पालटून कानावर पडतात, आणि औषधांच्या कमी वापरातल्या नावांवर यंत्राचा आवाज आघात चुकीच्या जागी देतो. नवा शब्द समोर आला की हात रिकामेच.

दुसरा पर्याय प्रत्येक शब्दावर देवनागरी लिहिण्याचा. तोही चालू होता आणि त्यानंच तोडण्याची चूक पक्की झाली होती. हिंदी देवनागरीत ‘ए’ आणि ‘ॲ’ यांची गल्लत होते. आघात देवनागरीत लिहिताच येत नाही.

तिसरा पर्याय तोंडी परीक्षा हिंदीत द्यायचा. इंदूरच्या कॉलेजांत हिंदी-इंग्रजी मिसळून उत्तर दिलेलं बहुतेक चालतं. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तकं आली, त्यांतही बहुतेक संज्ञा इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या आहेत. वाक्याची भाषा बदलली तरी ‘ॲसिटाइलकोलिनेस्टरेझ’ तिथेच उभा राहतो. म्हणून हा पर्याय सोडला. मात्र वाक्य हिंदीत आणि संज्ञा इंग्रजीत, ही मुभा सरावात ठेवली. एका वेळी एकच ओझं पुरे.

स्पोकन इंग्लिशचा क्लास हा घरच्यांचा आग्रह होता. तिथे ‘हाऊ आर यू’ सुधारलं असतं, हे शब्द नाही.

उरला तो मार्ग: शब्दाच्या शेवटावरून आघात ठरवायचा आणि शेवटाकडूनच शब्द बांधत आणायचा. पहिल्या दोन पर्यायांतला उपयोगी भाग त्यात घेतला.

शेवटच का आधी बघायचा

शास्त्रीय इंग्रजीत शेवटचा प्रत्यय आघाताची जागा ठरवतो, आणि आघात ठरला की आधीच्या स्वरांचे उच्चार ठरतात. फार्माकॉलॉजी आणि फार्माकोकायनेटिक्स हे दोन शब्द घ्या. स्पेलिंगमधला पहिला भाग तोच. पहिला शब्द फार्-म-कॉ-ल-जी, दुसरा फार्-म-को-काय-ने-टिक्स. तेच ‘को’ एकीकडे उघडं, जोरकस ‘कॉ’ होतं आणि दुसरीकडे दबून जातं. हायड्रोक्लोरिकमधलं ‘हायड्रो’ पाठ असलेला विद्यार्थी हायड्रॉलिसिसला ‘हायड्रो-लायसिस’ म्हणतो, तेही यामुळेच. शब्द आहे हाय-ड्रॉ-लि-सिस. घटक सुटे पाठ केले की ही चूक हमखास होते. शेवट आधी पाहिला तर होत नाही.

तिला दिलेले नियम थोडेच होते. आय-सी किंवा आय-सी-एसनं संपणारा शब्द: आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर. मस्-क-रि-निक, अँ-टि-को-लि-नर्-जिक, पॅ-र-सिम्-प-थो-मि-मे-टिक. ‘शन’नं संपणारा: तसंच, बायोट्रान्सफॉर्मेशनमध्ये ‘मे’वर. ‘लॉजी’, ‘ग्रफी’, ‘मेट्री’, ‘टमी’, ‘लिसिस’, ‘इटी’ असे शेवट: शेवटून तिसऱ्यावर, म्हणजे बा-यो-अ-व्हे-ल-बि-लि-टी. ‘आयटिस’ आणि ‘ओसिस’: प्रत्ययाच्या पहिल्या स्वरावरच, हे-प-टाय-टिस, नि-क्रो-सिस. अपवाद आहेत. आर्सेनिक हे नाम म्हणून पहिल्याच सिलॅबलवर जोर घेतं. पण तिच्या यादीतले बहुतेक शब्द या चार-पाच ओळींत बसले, आणि न बसलेले वेगळे पाठ केले.

औषधांच्या नावांत शेवटाचा आणखी एक फायदा. जागतिक आरोग्य संघटना औषधांना आंतरराष्ट्रीय नावं देते. पहिली यादी १९५३ मध्ये आली. एका गटाच्या औषधांना त्यात समान तुकडा असतो, बहुतेकदा शेवटी: ‘ओलॉल’ बीटा-ब्लॉकर, ‘स्टिग्मीन’ हे कोलिनेस्टरेझ रोखणारे, ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ रक्तदाबाचे. शेपूट ओळखलं की उच्चाराबरोबर वर्गही हाती येतो. याच नामकरणात पी-एचऐवजी एफ, टी-एचऐवजी नुसता टी, वायऐवजी आय अशी साधी स्पेलिंग पसंत करतात. म्हणून जुन्या पुस्तकात सेफॅलेक्सिन पी-एचनं आणि नव्यात एफनं दिसतं. तिला ते दोन वेगळे शब्द वाटत होते.

केलेली कृती

अडलेल्या शब्दावरच पद्धत शिकवली. ॲसिटाइलकोलिनेस्टरेझमध्ये २० अक्षरं. पेन्सिलीनं स्वर-अक्षरांवर टिंबं दिली, वायसुद्धा धरून: ९. शेवटचा ई मूक, तो खोडला: ८. म्हणजे सिलॅबल ८. मूक ई खोडण्याची ही पायरी गाळली की मोजणी एकानं चुकते आणि शेवटी एक खोटा ‘ए’ चिकटतो.

मग शेपूट. ‘एझ’ म्हणजे एन्झाइम. त्याआधी ‘एस्टर’, आणि मुख्य जोर त्या ‘एस्’वर. व्यंजन पुढच्या स्वराला जोडून लिहिलं: ॲ-सि-टाइल-को-लि-नेस्-ट-रेझ. जोराच्या तुकड्याखाली एक जाड रेघ, बाकी कुठेही खूण नाही.

मग मागून बांधणी, मोठ्यानं:
रेझ
ट-रेझ
नेस्-ट-रेझ
लि-नेस्-ट-रेझ
को-लि-नेस्-ट-रेझ
टाइल-को-लि-नेस्-ट-रेझ
ॲ-सि-टाइल-को-लि-नेस्-ट-रेझ

पुढून बांधत गेलं की दर वेळी अनोळखी भागाकडे जावं लागतं. श्वास आणि धीर दोन्ही शेवटी संपतात आणि शेपूट गिळलं जातं. मागून बांधलं की प्रत्येक नवा तुकडा आधीच घोटलेल्या भागात येऊन मिळतो. शेवटही दर फेरीत म्हटला जातो, त्यामुळे तो सगळ्यांत पक्का होतो. शब्द सलग जमला की लगेच वाक्यात: ‘निओस्टिग्मीन ॲसिटाइलकोलिनेस्टरेझ को रोकता है.’ सुटा शब्द जमणं आणि वाक्याच्या ओघात जमणं यांत बरंच अंतर असतं.

दिवसाला पाच शब्द, त्यांतले दोन जुने. त्याहून जास्त घेतले की मागून बांधायचा कंटाळा येतो आणि विद्यार्थी थेट पूर्ण शब्दावर उडी मारतो.

निर्णयाच्या जागा

पहिल्या आठवड्याअखेर रेकॉर्डिंग ऐकलं तर तुकडे सगळे होते, चुकीची तोड गेली होती, पण शब्द ठोकळ्यांसारखे येत होते. कारण सापडलं: प्रत्येक सिलॅबलला ती टेबलावर बोट आपटत होती. आठ ठोके, आठही सारखे. हे इथेच ठेवायचं की पुढे न्यायचं? परीक्षेपुरतं चाललं असतं. पण ठोकळ्यांनी बोललेला शब्द वेग वाढला की पुन्हा फुटतो. म्हणून ठोका एकच ठेवला, फक्त रेघ मारलेल्या तुकड्यावर, आणि बाकीचे त्याच्या आगेमागे पटकन उरकायचे. ‘नेस्’च्या पुढचा ‘ट’ ती ‘टे’ असा भरभक्कम म्हणायची. तिथे मराठीतला साधा अ पुरतो.

दुसरा निर्णय लिपीचा. देवनागरी पूर्ण बंद करावी असं मॅडमचं आधी मत होतं. पण तिला घरात मराठी वाचायची सवय होती, आणि मराठी वळणात ‘ॲ’, ‘ऑ’ स्वतंत्र आहेत. ‘झाड’मधला झ झेडच्या आवाजाला जवळचा आहे, तो नुक्ता न देता लिहिता येतो. म्हणून वहीतली टिपणं हिंदी वळणावरून मराठी वळणावर आणली, आणि देवनागरी फक्त फोडलेल्या रूपात, रेघेसह लिहायची असं ठरलं. अखंड शब्द देवनागरीत लिहिणं बंद.

तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा: कोणता उच्चार ‘बरोबर’ मानायचा. ‘ॲसिटाइल’ की ‘ॲसिटिल’, ‘रेझ’ की ‘रेस’? दोन्ही चालतात. त्या विभागात शिक्षक ‘ॲसिटाइल’ म्हणतात, तेच ठेवलं. आय-एन-ई या शेवटाला तर नियमच नाही: ॲट्रोपीनमध्ये ईन, ॲड्रेनलिनमध्ये इन. तिथे शब्द सुटा पाठ करणं भाग आहे. परदेशी सुराच्या मागे लागून तिचा वेळ घालवायचा नाही, हे ठरवल्यानं बरंच ओझं कमी झालं.

या टप्प्यावर एक मदत अनपेक्षित जागेहून आली. तिचे मामा दवा बाजारात घाऊक औषधांच्या दुकानात बसतात. दिवसभर फोनवर नावं ऐकायची आणि माल काढायचा. तिनं त्यांना यादी वाचून दाखवली तेव्हा क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड या जोडीवर त्यांनी तिला थांबवलं. “अगं, शेवट ऐकू आला नाही तर मी माल काढतच नाही. आधी पुन्हा बोलायला लावतो.” पहिलं मनोविकाराचं औषध, दुसरं मधुमेहाचं. पहिली दोन सिलॅबल अगदी तीच, आणि आघातही दोन्हीत ‘प्रो’वरच, फरक फक्त शेवटात. आघाताच्या नियमांना इथे काही करता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००१ मध्ये अशा जोड्यांचे वेगळे भाग मोठ्या अक्षरांत छापण्याची शिफारस केली, त्यांत ही जोडी आहे. तिच्यासाठी निर्णय असा झाला की जोडीच्या नावांत आघाताबरोबर शेवटच्या दोन सिलॅबलांखाली दुसरी रेघ द्यायची आणि तिथे वेग मुद्दाम कमी करायचा. हायपर-हायपोच्या जोड्यांत तीच रेघ सुरुवातीला.

उलट, इलियम हे आतड्याचं नाव आणि त्याच उच्चाराचं कमरेच्या हाडाचं नाव, यांत फोडून काहीच हाती लागत नाही. तिथे ‘आतड्याचं’, ‘हाडाचं’ असा शब्द जोडूनच बोलायचं.

परिणाम

पुढच्या तोंडी परीक्षेत प्रश्न कीटकनाशकांच्या विषबाधेवर आला. ऑर्गॅनोफॉस्फेट, ॲसिटाइलकोलिनेस्टरेझ, ॲट्रोपीन सलग निघाले. प्रॅलिडॉक्सीम या उताऱ्याच्या औषधाच्या नावावर ती अडली, थांबली, मनात शेवटाकडून जोडून शब्द म्हणाली. परीक्षकांनी विचारलं, हे लवकर का द्यायचं? एन्झाइमवरचा फॉस्फेटचा बंध वेळानं पक्का होतो, मग औषध तो सोडवू शकत नाही, हे तिनं सांगितलं. आधीच्या परीक्षेत संभाषण इतकं पुढे गेलंच नव्हतं.

तेच २४ शब्द पुन्हा रेकॉर्ड केले तेव्हा तोड चुकणं जवळपास थांबलं होतं आणि शेवट सगळे ऐकू येत होते. ‘इस्टिग्मीन’मधला इ घाईत अजून डोकावतो. कधी न पाहिलेल्या शब्दांवर ती हळू आहे, पण गप्प होत नाही. रसायनांची आकडे आणि आडव्या रेघांची लांब नावं अजून जड जातात. त्यांत आघाताचे हे नियम फारसे लागत नाहीत, प्रत्येक गट सुटा वाचावा लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

एक ठोका पहिल्या दिवसापासून हवा होता. सिलॅबल मोजताना बोट आपटणं ठीक, म्हणताना नाही. हा फरक आधी सांगितला असता तर तो आठवडा वाचला असता.

विषयाच्या शिक्षकांना फार उशिरा विचारलं गेलं. विभागात कोणता उच्चार चालतो हे त्यांच्याकडून सुरुवातीलाच दहा मिनिटांत कळलं असतं. शिवाय शिक्षकांनी व्याख्यानात नवा शब्द फळ्यावर एकदा फोडून, जोराच्या तुकड्याखाली रेघ मारून लिहिला तर वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच अडचण सुटेल. तिच्या वर्गात हिंदी माध्यमातून आलेली ती एकटी नव्हती. बाकीचे अजून ‘तो एन्झाइम’ म्हणत आहेत.

ऐकण्याचा सरावही कमी पडला. ती बोलायची आणि मॅडम ऐकायच्या. उलटा खेळ, म्हणजे दुसऱ्यानं म्हणायचं आणि तिनं सिलॅबल मोजून लिहायचं, फक्त मामांच्या दुकानी झाला, तोही योगायोगानं. क्लोरप्रोमाझिनसारख्या जोड्या ओळखायला कान तयार लागतो.

पाचव्या सत्रात मेडिसिनल केमिस्ट्रीचा पुढचा भाग आहे. अभ्यासक्रमाचा कागद हातात आल्याबरोबर तिनं औषधांची नावं शेपटांप्रमाणे वेगळ्या पानांवर उतरवली आहेत, आणि आय-एन-ईच्या पानावर प्रत्येक नावापुढे ईन, इन की आइन हे विभागात विचारून लिहायला जागा सोडली आहे.